सरन्यायाधीश जॉन मार्शल

ज्यांनीं राज्यें जिंकलीं, अज्ञात समुद्र ओलांडले किंवा मोठमोठ्या सैन्यांचें आधिपत्य केलें, त्यांचीं चरित्रें आमचे विद्यार्थी आवडीनें वाचतात, व तें योग्यच आहे. परंतु न्यायाधीशाचें चरित्र सहसा कोणी हातीं घेत नाहीं. एका खोलींत बसून दोन्ही पक्षांचें म्हणणें ऐकावें, ग्रंथ चाळावे व शेवटीं कागदावर निकाल लिहावा, यांत चित्तवेधक असें काय असणार, असें वाटणें साहजिक आहे. त्यांतून न्यायाधीशाच्या हातीं ना सैन्य, ना खजिना. ज्याच्याविरुद्ध निकाल दिला तो बलाढ्य असला व त्यानें तो मानलाच नाहीं, तर न्यायाधीशानें करावें तरी काय? हा प्रश्न ज्यांच्या आयुष्यांत वारंवार उभा राहिला, व ज्यांस त्याचें उत्तर कधीं यशानें तर कधीं अपयशानें मिळालें, अशा एका अमेरिकन न्यायाधीशाची ओळख आम्ही या लेखांत आमच्या वाचकांस करून देणार आहों.

जॉन मार्शल यांचा जन्म ता. २४ सप्टेंबर १७५५ रोजीं व्हर्जिनिया प्रांताच्या सरहद्दीकडील जर्मनटाउन नांवाच्या एका वस्तींत झाला. त्या वेळीं तेथें इंग्रजांचें राज्य होतें. पंधरा भावंडांत जॉन हे सर्वांत थोरले. त्यांचे वडील थॉमस मार्शल हे जमिनीची मोजणी करीत, व जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशीं त्यांचा स्नेह होता. घर लांकडाचें, सभोंवार रान, व जवळपास चांगली शाळा नाहीं, अशा स्थितींत या मुलाचें बालपण गेलें. एक वर्ष त्यांस दूरच्या एका शाळेंत ठेवलें होतें. तेथें पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले जेम्स मन्‍रो हे त्यांचे सहाध्यायी होते. त्यानंतर एक वर्ष जेम्स थॉम्सन या स्कॉच धर्मोपदेशकांनीं मार्शल यांच्या घरीं राहून त्यांस लॅटिन शिकविलें. बाकीचें सारें शिक्षण वडिलांपाशीं झालें. पोप या इंग्रज कवीचीं काव्यें त्यांनीं बाराव्या वर्षीं स्वतःच्या हातानें उतरून काढलीं होतीं. ज्या मुलांस घरीं पुस्तकें थोडीं आहेत म्हणून खंत वाटते, त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी.

वयाच्या विसाव्या वर्षीं मार्शल यांनीं पुस्तक ठेवून बंदूक हातीं घेतली. अमेरिकन वसाहतींनीं इंग्लंडाविरुद्ध स्वातंत्र्याचें युद्ध सुरू केलें होतें. ग्रेट ब्रिज, ब्रँडीवाइन व मन्मथ येथील लढायांत ते लढले. पण लढाईपेक्षांहि त्यांच्या मनावर खोल ठसा उमटविला तो व्हॅली फोर्ज येथील छावणीनें. इ. स. १७७७-७८ च्या त्या हिंवाळ्यांत वॉशिंग्टन यांच्या सैन्याजवळ पुरेसें अन्न नव्हतें, वस्त्र नव्हतें. कित्येक शिपायांच्या पायांत जोडे नव्हते. रोगानें सुमारें दोन हजार माणसें दगावलीं. देशांत धान्य नव्हतें असें नाहीं. परंतु तेरा प्रांत तेरा दिशांनीं ओढीत होते, व त्या सर्वांकडून सैन्याच्या खर्चाचा वांटा वसूल करण्याचा अधिकार मध्यवर्ती सभेस नव्हता. जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, अशी दशा झाली होती. ज्या देशास एक कायदा नाहीं तो आपल्या रक्षणकर्त्यांस एक भाकरहि देऊं शकत नाहीं, हें या तरुण अधिकाऱ्यानें तेथें डोळ्यांनीं पाहिलें. याच छावणींत सैन्यांतील तंट्यांचें काम पाहण्यासाठीं त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्या पुढील साऱ्या निकालांचें मूळ शोधूं गेल्यास तें आम्हांस या बर्फांतच सांपडतें.

युद्ध संपत आलें असतां इ. स. १७८० मध्यें त्यांनीं विल्यम व मेरी महाविद्यालयांत जॉर्ज विथ या विख्यात पंडितांचीं कायद्यावरील व्याख्यानें ऐकिलीं. हें शिक्षण अवघ्या कांहीं आठवड्यांचें! पुढें रिचमंड शहरांत त्यांनीं वकिली सुरू केली व अल्पावधींतच नांव मिळविलें. कायद्याचे दाखले पाठ असणारे वकील तेथें पुष्कळ होते. परंतु गुंतागुंतीच्या प्रकरणांतील मुख्य मुद्दा नेमका उचलून तो सामान्य माणसासहि पटेल अशा रीतीनें मांडण्याची हातोटी मार्शल यांच्याच ठायीं होती. ता. ३ जानेवारी १७८३ रोजीं मेरी अँब्लर यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. इ. स. १७८८ मध्यें नवी राज्यघटना मान्य करावी कीं नाहीं याविषयीं व्हर्जिनियांत सभा भरली, तेव्हां त्यांनीं घटनेचा पक्ष घेतला व त्यांतील न्यायखात्याच्या योजनेचें समर्थन केलें. इ. स. १७९७ मध्यें ते वकील म्हणून फ्रान्स देशास गेले. तेथील परराष्ट्रमंत्री तालेराँ यांच्या हस्तकांनीं बोलणें सुरू करण्यापूर्वींच लांच मागितली. मार्शल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ती देण्याचें साफ नाकारलें. ते परत आले तेव्हां त्यांच्या देशबांधवांनीं त्यांचें मोठें स्वागत केलें.

इ. स. १८०० मध्यें अध्यक्ष जॉन ॲडॅम्स यांनीं त्यांस आपल्या मंत्रिमंडळांत घेतलें. त्याच वर्षाच्या अखेरीस सुप्रीम कोर्टाच्या सरन्यायाधीशाची जागा रिकामी झाली. पूर्वीं त्या जागेवर असलेले जॉन जे यांस ॲडॅम्स यांनीं पुनः नेमिलें. परंतु या कोर्टास ना वजन ना मान, असें म्हणून जे यांनीं ती जागा नाकारली. तेव्हां ॲडॅम्स यांनीं समोर असलेल्या मार्शल यांचें नांव सुचविलें. ता. ४ फेब्रुवारी १८०१ रोजीं, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षीं, मार्शल यांनीं सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली.

आज वॉशिंग्टन शहरांत सुप्रीम कोर्टाची संगमरवरी इमारत पाहणारास कल्पनाहि यावयाची नाहीं कीं, त्या वेळीं या कोर्टास स्वतःचें घर नव्हतें. विधिमंडळाच्या इमारतींतील तळमजल्यावरची एक लहानशी खोली त्यास दिली होती. न्यायाधीश सहा, प्रत्येकजण आपापलें मत वेगळें वाचून दाखवी, व त्यामुळें कोर्टाचें म्हणणें काय हें लोकांस कळत नसे. मार्शल यांनीं ही पद्धति बदलली. सर्व न्यायाधीश एकाच खाणावळींत उतरत, एकत्र जेवीत व वादग्रस्त मुद्द्यांवर तेथेंच मनमोकळी चर्चा करीत. नंतर एकमतानें ठरलेला निकाल एकजण कोर्टाच्या नांवानें वाची. सहा बारीक आवाजांचा एक स्पष्ट आवाज झाला. ज्याच्या हातीं तरवार नाहीं त्यानें निदान एका शब्दानें बोलावें, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आतां आम्ही त्यांच्या सर्वांत प्रसिद्ध निकालाकडे वळतों. ॲडॅम्स यांनीं अधिकार सोडतांना घाईघाईनें पुष्कळ नेमणुका केल्या. त्यांत विल्यम मार्बरी या गृहस्थांची राजधानींतील एका किरकोळ न्यायाधिकाऱ्याच्या जागीं नेमणूक होती. सनदेवर सही झाली, मोहोर झाली, पण ती त्यांच्या हातीं पोंचली नाहीं. हा विलंब झाला तो खुद्द मार्शल यांच्याच कचेरींत. कारण सरन्यायाधीश झाल्यावरहि कांहीं आठवडे ते मंत्र्याचें काम पाहत होते. नवे अध्यक्ष थॉमस जेफरसन हे मार्शल यांचे दूरचे नातलग, पण कट्टर विरोधक. त्यांनीं सनद अडवून ठेवली. मार्बरी यांनीं सुप्रीम कोर्टांत अर्ज केला कीं, मंत्री जेम्स मॅडिसन यांस सनद देण्याचा हुकूम व्हावा.

पेंच मोठा कठीण होता. हुकूम करावा तर सरकार तो धुडकावणार व कोर्टाची फजिती होणार. अर्ज फेटाळावा तर कोर्ट भ्यालें असें जग म्हणणार. ता. २४ फेब्रुवारी १८०३ रोजीं मार्शल यांनीं निकाल दिला. मार्बरी यांचा सनदेवर हक्क आहे व ती अडवून ठेवणें बेकायदेशीर आहे, हें त्यांनीं प्रथम सांगितलें. परंतु असा अर्ज प्रथमच सुप्रीम कोर्टापुढें आणण्याची मुभा ज्या १७८९ च्या कायद्यानें दिली होती, तो कायदा त्या कलमापुरता राज्यघटनेशीं विसंगत आहे. घटना हा सर्वांत श्रेष्ठ कायदा असल्यामुळें तिच्याविरुद्ध असलेला कायदा रद्द समजला पाहिजे. व कोणता कायदा विसंगत आहे हें ठरविणें न्यायालयाचें कर्तव्य आहे, असा त्यांनीं निर्णय केला. मार्बरी यांस जागा मिळाली नाहीं. जेफरसन यांस मोडण्याजोगा हुकूमच मिळाला नाहीं. कोर्टानें एक लहान अधिकार सोडला व त्याच क्षणीं विधिमंडळाच्या कायद्याची पारख करण्याचा फार मोठा अधिकार प्रस्थापित केला. ज्या प्रकरणांत आपल्याच कचेरीची चूक होती त्यांत मार्शल यांनीं न्यायासनावर बसावयास नको होतें, असें आज अनेक कायदेपंडित म्हणतात, व तें आम्हांसहि पटतें. तथापि त्यांनीं घालून दिलेलें तत्त्व टिकलें.

चौतीस वर्षें ते या जागेवर राहिले. सहा अध्यक्ष त्यांच्यादेखत झाले. कोर्टाच्या वतीनें त्यांनीं पांचशेंहून अधिक निकाल लिहिले. इ. स. १८१९ मध्यें मेरीलँड राज्यानें राष्ट्रीय बँकेवर कर बसविला, तेव्हां कर बसविण्याच्या अधिकारांत नाश करण्याची शक्ति दडलेली असते, व एका घटक राज्यास साऱ्या राष्ट्राच्या संस्थेचा नाश करतां येणार नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. इ. स. १८२४ मध्यें न्यूयॉर्क राज्यानें आपल्या पाण्यांत आगबोटी चालविण्याचा मक्ता ठराविक लोकांसच दिला होता, तो त्यांनीं मोडला व राज्याराज्यांतील व्यापाराची वाट मोकळी केली. व्हॅली फोर्ज येथें तेरा वाटांनीं फुटलेला देश ज्यानें पाहिला होता, त्यानेंच तो असा एकेका निकालानें सांधला.

एवढा अधिकार असूनहि त्यांचें राहणें अगदीं साधें असे. पोशाख जुना, केस विस्कटलेले, व बाजारहाट स्वतः करण्याची संवय. रिचमंडच्या बाजारांत एका नवख्या तरुणानें एक टर्की पक्षी विकत घेतला व तो घरीं नेण्यासाठीं हमाल शोधूं लागला. जवळच उभ्या असलेल्या साध्या पोशाखांतील गृहस्थानें तो उचलून त्याच्या दारापर्यंत पोंचविला व मजुरी नाकारली. ते सरन्यायाधीश होते हें त्यास मागाहून कळलें, अशी आख्यायिका आहे. त्यांच्या पत्नी पुष्कळ वर्षें आजारी होत्या व त्यांस आवाज सहन होत नसे. म्हणून हा मोठा माणूस घरांत पाय न वाजवितां वावरे. दहा अपत्यांपैकीं चार त्यांनीं लहानपणींच गमाविलीं. इ. स. १८३१ मध्यें नाताळच्या दिवशीं पत्नीचेंहि निधन झालें, व तो घाव त्यांच्या मनांतून कधींच गेला नाहीं.

येथपर्यंत लिहून थांबावें असा मोह आम्हांस होतो. परंतु चरित्रकारानें एकच बाजू सांगणें म्हणजे न्यायाधीशानें एकाच पक्षाचें ऐकण्यासारखें आहे. मार्शल हे गुलाम बाळगीत होते. केवळ वडिलार्जित म्हणून नव्हे, तर त्यांनीं आयुष्यभर माणसें विकत घेतलीं व मोठ्या संख्येनें बाळगिलीं, हें त्यांच्या हिशेबाच्या कागदांवरून अलीकडील इतिहासकारांनीं उघड केलें आहे. इ. स. १८१३ मध्यें मिमा क्वीन नांवाची एक गुलाम स्त्री, आपली पूर्वज स्वतंत्र होती म्हणून आपणहि स्वतंत्र आहों, असा दावा घेऊन कोर्टापुढें आली. तिच्याजवळ पुरावा होता तो वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या हकीकतींचा. ऐकीव पुरावा चालणार नाहीं, असें सांगून मार्शल यांनीं तिच्याविरुद्ध निकाल दिला. गेब्रियल डुव्हाल हे एकटेच न्यायाधीश तिच्या बाजूनें उभे राहिले. इ. स. १८२५ मध्यें एका गुलामवाहू जहाजाच्या खटल्यांत, हा व्यापार निसर्गनियमाच्या विरुद्ध आहे हें मान्य करूनहि, राष्ट्राराष्ट्रांतील रूढ कायद्यानें तो निषिद्ध नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. सत्य दिसत असूनहि आपल्या घराच्या उंबरठ्याशीं डोळे मिटणें, हा दोष थोरांसहि सुटत नाहीं. याच कारणास्तव शिकागो येथील एका विधि-महाविद्यालयानें इ. स. २०२१ मध्यें आपल्या नांवांतून त्यांचें नांव काढलें.

वृद्धपणीं मात्र एका दुर्बळ समाजाचा प्रश्न त्यांच्यापुढें आला, व त्या वेळीं त्यांनीं डोळे मिटले नाहींत. या प्रकरणाशीं आमच्या महाराष्ट्राचा एक जुना धागा जोडलेला आहे. ज्या अमेरिकन बोर्डानें पाठविलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे इ. स. १८१३ मध्यें मुंबईस पोंचले, व ज्याच्या पोटीं अमेरिकन मराठी मिशन जन्मास आलें, त्याच बोर्डाचे सॅम्युएल वुस्टर हे मिशनरी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकीं चेरोकी लोकांत काम करीत होते. सिक्वोया या चेरोकी पुरुषानें आपल्या भाषेसाठीं लिपि निर्माण केली होती. तिचे खिळे पाडवून घेऊन पुस्तकें व वर्तमानपत्र छापण्यास वुस्टर यांनीं साह्य केलें. परंतु जॉर्जिया राज्यास चेरोकींची जमीन हवी होती, व तेथें सोनेंहि सांपडलें होतें. राज्यानें कायदा केला कीं, चेरोकींच्या मुलखांत राहणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसानें परवाना घ्यावा व राज्याशीं एकनिष्ठेची शपथ वाहावी. अकरा जणांस शिक्षा झाली. त्यांतील नऊ जणांनीं माफी पतकरून सुटका करून घेतली. वुस्टर व त्यांचे सहकारी डॉ. एलायझर बटलर या दोघांनीं ती नाकारली, व चार वर्षांची सक्तमजुरी भोगण्यासाठीं ते तुरुंगांत गेले.

एक वर्षापूर्वींच खुद्द चेरोकींनीं केलेला अर्ज, ते परराष्ट्र नव्हेत या कारणास्तव, मार्शल यांनीं ऐकण्याचें नाकारलें होतें. आतां मिशनऱ्यांच्या अपिलानें तोच प्रश्न दुसऱ्या दारानें आंत आला. जॉर्जियानें आपला वकीलहि पाठविला नाहीं. ता. ३ मार्च १८३२ रोजीं शहात्तर वर्षांच्या सरन्यायाधीशांनीं निकाल वाचला. चेरोकी हें एक स्वतंत्र राष्ट्र असून त्याच्याशीं झालेले तह पवित्र आहेत, व त्याच्या सीमेंत जॉर्जियाचा कायदा चालूं शकत नाहीं, असा तो निकाल होता.

पुढें काय झालें? जॉर्जियानें निकाल मानला नाहीं. अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनीं तो अंमलांत आणण्यासाठीं बोटहि हालविलें नाहीं. दोघे मिशनरी आणखी दहा महिने तुरुंगांत राहिले, व इ. स. १८३३ च्या जानेवारींत, पुढील कायदेशीर मागणी सोडून दिल्यावर, त्यांची सुटका झाली. इ. स. १८३८-३९ मध्यें सैन्याच्या पहाऱ्यांत सुमारें सोळा हजार चेरोकींस घरादारांतून उठवून शेंकडों मैल पश्चिमेकडे नेण्यांत आलें. त्यांतील सुमारें चार हजार मरण पावले. वुस्टर त्यांच्या आधींच पश्चिमेस गेले होते. त्यांनीं शेवटपर्यंत त्याच लोकांची सेवा केली.

नाथान संदेष्टा दावीद राजापुढें उभा राहिला तेव्हां त्याच्याहि हातीं कांहीं नव्हतें. केवळ शब्द होता. परंतु दाविदाचें अंतःकरण जिवंत होतें, म्हणून त्या शब्दानें काम केलें. जॉर्जियांत शब्द तोच होता. ऐकणारें अंतःकरण नव्हतें. यावरून आम्हांस असें दिसतें कीं, न्याय हें एकट्या न्यायाधीशाचें काम नव्हे. अर्धा न्याय तो लिहितो. उरलेला अर्धा आज्ञापालन करणाऱ्या लोकांनीं लिहावयाचा असतो.

मार्शल यांचें निधन ता. ६ जुलै १८३५ रोजीं फिलाडेल्फिया येथें झालें. चेरोकींचा वनवास त्यांस पाहावा लागला नाहीं. पण आपला निकाल निष्फळ झाला हें त्यांनीं पाहिलें होतें. तथापि तो निकाल मेला नाहीं. मूळ रहिवाशांच्या हक्कांच्या खटल्यांत अमेरिकन न्यायालयें आजहि त्याचा आधार घेतात. आणि इ. स. १९९२ मध्यें, १६० वर्षांनंतर, जॉर्जिया राज्यानें वुस्टर व बटलर यांस विनाअट माफी जाहीर केली. कायद्याची पारख करण्याच्या ज्या अधिकाराचा त्यांनीं पाया घातला, त्याचा पुढें दुरुपयोगहि झाला, इ. स. १८५७ मध्यें त्यांच्याच जागेवर बसलेल्या रॉजर टॉनी यांनीं, आफ्रिकन वंशाच्या माणसांस अमेरिकेचें नागरिकत्व असूं शकत नाहीं, असें ठरविणाऱ्या निकालांत तो वापरला. साधन चांगलें असलें तरी तें धरणारा हात शुद्ध असावा लागतो.

तथापि तें तत्त्व देशोदेशीं पसरलें. अमेरिकेच्या घटनेंत जें स्पष्ट शब्दांत लिहिलेलें नव्हतें व मार्शल यांस युक्तिवादानें सिद्ध करावें लागलें, तें ता. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या आमच्या भारतीय संविधानाच्या १३ व्या कलमांत स्पष्टपणें लिहिलेलें आहे: मूलभूत हक्कांशीं विसंगत असलेला कायदा त्या मर्यादेपर्यंत रद्द होय. आमच्यांतील सर्वांत गरीब माणूसहि याच्या बळावर सरकारास न्यायालयांत जाब विचारूं शकतो.

रिचमंड येथील दफनभूमींत मार्शल हे पत्नीच्या शेजारीं विसावले आहेत. मृत्यूच्या दोन दिवस आधीं त्यांनीं आपल्या कबरीवरील मजकूर स्वतः लिहून ठेवला. त्यांत आईबापांचीं नांवें, जन्म, विवाह व मृत्यु एवढ्याच गोष्टी आहेत. सरन्यायाधीश हा शब्दहि नाहीं. जणुं आपला निकाल आपण लिहूं नये, तो इतरांवर सोपवावा, असें त्यांस वाटलें असावें.

विद्यार्थी मित्रहो, तो निकाल आम्ही तुमच्यावर सोपवितों. त्यांचें धैर्य जमेस धरा. मिमा क्वीन हिचा दावाहि विसरूं नका. तुमच्यांतून कोणी न्यायासनावर बसेल, कोणी शिक्षक होईल, कोणी शेती करील. परंतु न्यायाचा शब्द ऐकून तो पाळण्याचा प्रसंग तुमच्यांतील प्रत्येकावर येणार आहे. वर्गांत दुबळ्याची बाजू खरी असेल व बलवानाची खोटी, त्या दिवशीं तुम्ही काय करतां, यावरच पुढें तुमच्या देशांतील निकाल कागदावर राहतील कीं लोकांच्या जीवनांत उतरतील हें ठरणार आहे. त्या दिवसासाठीं परमेश्वर तुम्हांस निर्भय व निर्मळ अंतःकरण देवो, हीच आमची प्रार्थना.